बिनफोडणीचं वरण

अपेक्षाने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडाशी नेता नेता थांबली. वाटीवर तेलाचा तवंग होता, फुललेली मोहरी होती, कढीपत्ता होता, आणि लसणाचा खमंग वास थेट नाकात शिरत होता. आज आमटीला फोडणी होती.

लांब बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला पोरांनी टाळ्या पिटल्या.

"फायनली! काकू, यू आर बॅक!" प्रज्ञेश ओरडला. हा मुलगा मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत बसून अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करायचा, आणि रात्रपाळीची गाडी यायच्या आत घाईघाईने जेवून जायचा. "मॅडम, बऱ्या झालात ना? थँक यू हां. अजून एक दिवस ते हॉस्पिटलचं जेवण जेवलो असतो, तर मीच अ‍ॅडमिट झालो असतो."

"गप जेव," शेगडीपाशी बसलेल्या सुशीलाबाई म्हणाल्या. "लई जीभ चालतीया. तिला जरा काम दे."

सगळे हसले. अपेक्षाही हसली, पण घास घशाखाली ढकलताना तिला वाईट वाटत होतं. का, ते सांगायला ती लाजली असती. फौजदार बाईने आमटीत फोडणी पडली म्हणून खट्टू व्हावं, हे काही कुणाला सांगण्यासारखं नव्हे.

लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या चिंचमळ्यात ती उपनिरीक्षक म्हणून आली, तेव्हा गावात उसापेक्षा प्लॉटच्या पाट्या जास्त दिसत होत्या. हडपसरला कंपन्या आल्या, तिथली भाडी परवडेनाशी झाली, आणि लॅपटॉपच्या बॅगा पाठीवर घेतलेली पोरं पार इथपर्यंत येऊन खोल्या शोधू लागली. त्यांच्या पोटाची सोय गावात एकाच ठिकाणी होती. कालव्याच्या कडेला पत्र्याची लांब शेड, आणि दारावर निळ्या अक्षरांत 'संपत खानावळ'. संपत हा सुशीलाबाईंचा नवरा. तो पंधरा-वीस वर्षांपूर्वी कामाला म्हणून सुरतेला गेला तो गेलाच. पाटीवर त्याचं नाव का, असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, "आला कधी, तर त्याला घर सापडाया नको?" गावाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. बाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असे आणि मनगटात हिरव्या बांगड्या, आणि त्याबद्दल बोलायची कुणाची टाप नव्हती.

अपेक्षा गजभिये मूळची वर्धेकडची. इथे यायच्या आधी ती नारायण पेठेत एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. खोलीच्या दारावर मालकांनी नियम चिकटवले होते: स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत, शंका असल्यास खोली सोडावी. त्याच घराच्या जिन्यातल्या फळ्यावर एका सकाळी तिला खडूने लिहिलेला निरोप दिसला. 'गजभिये : घरी फोन करणे. आमचा फोन फक्त येणाऱ्या कॉलसाठी आहे.' नाक्यावरच्या बूथवरून तिने फोन लावला, तेव्हा आई गेली होती. लहानपणी अपेक्षाचं पोट बिघडलं की आई मऊ भातावर पिवळं वरण घालायची. फक्त मीठ आणि हळद, बाकी काही नाही. ते वरण जगात पुन्हा कुठे मिळेल, अशी आशा तिने सोडून दिली होती.

आणि मग एका संध्याकाळी, एका कैद्याला येरवड्याला पोचवून ती परत आली, तेव्हा पोटात आग पडलेली. खानावळीच्या दारातूनच म्हणाली, "मावशी, आज जेवायला नको. पोट दुखतंय." सुशीलाबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग पोरांकडे वळून त्यांनी जाहीर केलं, "बाईंचं पोट बिघडलंय. आता थोडं दिस समद्यांनीच साधं खायाचं. फोडणी न्हाई, तळण न्हाई. ज्याला पटत न्हाई त्यानं दुसरी खानावळ हुडकावी."

दुसरी खानावळ नव्हतीच. पोरांनी आरडाओरडा केला आणि जेवली. अपेक्षाच्या पुढ्यात मऊ भात आला, त्यावर पिवळं वरण. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले. ती खाली मान घालून जेवत राहिली, आणि हात धुताना हळूच म्हणाली, "मावशी, आईच्या हातचं जेवल्यासारखं झालं." सुशीलाबाईंनी तिच्या हातावर पाणी घातलं.

त्यानंतरचे ते दिवस अपेक्षाच्या आयुष्यातले बरे दिवस होते. एका बाईने आपल्यासाठी सगळी पंगत फिकी जेवायला बसवली, ही गोष्ट ती मनात घेऊन फिरायची. कामावर एवढं वाईट प्रकरण चालू असतानाही.

आता फोडणी परत आली होती. आजारी म्हणून घरी ठेवलेल्या पोराला 'बरा झालास, जा शाळेत' म्हणावं, तसं तिला वाटलं. पोट तर अजून दुखत होतं. तिने नकळत पट्ट्याखाली मूठ दाबून धरली. भाकरीची कड जळकी होती आणि तिला लोखंडाचा वास होता. जुना तवा चिरला म्हणून बाईंनी नवा आणला होता, तो अजून मुरला नव्हता. सुशीलाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तव्याकडे वळल्या.

*

वाईट प्रकरण असं होतं. चिंचमळ्याच्या खाली कालव्याच्या दाराला एक प्रेत अडकलेलं सापडलं. पन्नाशीचा पुरुष, डोक्याच्या मागच्या बाजूला मार. डॉक्टर म्हणाले, जड आणि सपाट वस्तू, एकच घाव. पाण्यात बरेच दिवस राहिल्याने चेहरा चेहरा राहिला नव्हता. खिशात काही नाही. आसपासच्या कुठल्याच ठाण्यात कुणी हरवल्याची तक्रार नाही.

अपेक्षाला याचंच जास्त लागलं. कुणीतरी या माणसाची वाट बघत असेल, असं ती म्हणायची. यावर हवालदार श्यामसुंदर म्हणायचे, "मॅडम, वाट बघणारे असते तर एव्हाना विचारायला आले असते. काही माणसं घरी न आल्यानेच घरात शांतता नांदते." हवालदार पुण्याच्या पेठेत वाढलेले, निवृत्तीला आलेले. त्यांच्या बोलण्यात मीठ कमी आणि मिरची जास्त असे, पण माणूस मनाचा चांगला होता.

मग शंभू सापडला. वाशीमकडून बांधकामावर आलेला हा विशीतला मजूर पायात पांढरे, नवे, महागाचे बूट घालून फिरत होता. बुटांच्या आत सुरतेच्या दुकानाचं लेबल होतं, आणि माप मेलेल्याच्या पायाचं. निरीक्षक जगदाळे यांना एवढं पुरेसं होतं. त्यांची शहरात बदली व्हायची होती आणि मागे उघडं प्रकरण ठेवून जायची त्यांना इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा कोठडीपाशी गेली, तेव्हा शंभू गुडघ्यांना मिठी मारून बसला होता.

"मॅडम, म्या खरं सांगून राह्यलो जी," तो म्हणाला. "बूट काठावर होते. पायऱ्याईवर. बायका धुनं धुतात ना, तिथंसा."

"फेकलेले होते?"

"नाई जी. जोडीनं मांडून ठेवले होते. देवळाच्या भाईर ठेवते मानूस, तसे. म्या तीनदा हाका मारल्या, का कोनी हाय का म्हून. कोनी आलं नाई, तवा घातले." तो रडायला लागला. "मायले कोनी सांगन का, का मी इथं हावो?"

त्याची बोली ऐकली की अपेक्षाच्या जिवाचं पाणी व्हायचं. तिला शेताचा बांध आठवायचा, उन्हातली गावची एसटी आठवायची. "घाबरू नको," ती म्हणाली, आणि तिच्याही तोंडून घरचेच शब्द बाहेर पडले, "मी हावो ना इथं."

पण तिच्या असण्याने काय होणार होतं? उद्या शंभूची पोलीस कोठडी संपणार होती. मग येरवडा. जामीन भरायला त्याचं कुणी नाही. तारखा पडत राहतील आणि तो आत म्हातारा होईल. ती साहेबांना सांगून आली होती की चोर बूट ओढून काढतो, आणि मारणारा ते जोडीने मांडून ठेवत नाही. साहेब फाइलमधून डोकं न काढता म्हणाले होते, "गजभिये, तुमच्याकडचा पोरगा आहे म्हणून सांगताय का?" ते थोडंफार खरंही होतं.

दुपारी श्यामसुंदरांनी डबा उघडला आणि तिच्यापुढे केला. "घ्या. अर्थात, घेण्यासारखं काही नाही."

डब्यात भात आणि पिवळं, फिकं वरण होतं. अपेक्षा हसली. "तुमचंही पोट बिघडलं?"

"पोट ठणठणीत आहे. चुलतभाऊ गेला. सुतक."

"म्हणजे?"

"म्हणजे दहा दिवस घरात फोडणी नाही, तळण नाही. गेला तो सुटला. जाता जाता आमच्या जिभेला शिक्षा ठोठावून गेला. हयातीत कधी एक चहा पाजला नाही." त्यांनी घास घेतला, चावला, आणि तिच्याकडे बघून थांबले. "तुमच्यात नाही का असं?"

"नाही," अपेक्षा म्हणाली. "आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच हे सगळं सोडलं. आमच्याकडे सुतक पाळतच नाहीत. मला हे माहीतच नव्हतं."

ती खुर्चीवरून उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. फोडणी न्हाई, तळण न्हाई. हेच शब्द. तिने मनाशी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. प्रेत सापडलं तेव्हा आपण खानावळीत बरेच दिवस फिकं जेवत होतो. त्या सकाळी कालव्यावर जाताना, पोटाला आता उतार पडेल अशी आशा होती, हे तिला स्पष्ट आठवत होतं. म्हणजे खानावळीतलं सुतक आधी सुरू झालं, आणि प्रेत नंतर वर आलं.

मग तिला बुटांचा फोटो आठवला. ओळख पटावी म्हणून तो तिने गावात सगळ्यांना दाखवला होता, सुशीलाबाईंनाही. बाईंनी तो हातात घेतला होता, पदराने पुसला होता आणि परत दिला होता. "हात वले हायेत," एवढंच म्हणाल्या होत्या. सुरतेच्या दुकानातले बूट. दारावरची निळी पाटी.

"हवालदार," ती खिडकीकडेच तोंड करून म्हणाली, "कालव्याचं पाणी बंद झालं ना?"

"कालच. आवर्तन संपलं. आता नुसता चिखल."

"गाडी काढा. दोन पंच बरोबर घ्या."

*

बायकांच्या धुण्याच्या पायऱ्या खानावळीच्या पाठीमागे होत्या. पाणी ओसरल्याने खालच्या, कधी न दिसणाऱ्या पायऱ्याही उघड्या पडल्या होत्या. अपेक्षा बूट काढून चिखलात उतरली. काही सापडू नये, असं ती चालता चालता मनाशी म्हणत होती. असं इतक्या कळवळून तिने आजवर काहीच मागितलं नव्हतं. मग तिच्या पायाला काहीतरी थंड आणि गोल लागलं.

श्यामसुंदरांनी ते ओढून वर काढलं. तवा होता. परातीएवढा मोठा, बिडाचा, वर्षानुवर्षांच्या भाकरींनी काळा गुळगुळीत झालेला. कुठेही चिरलेला नव्हता.

हवालदारांनी तवा वरच्या पायरीवर ठेवला. पंच खाली मान घालून उभे होते. एका वेळी चार भाकरी भाजायचा तवा या रस्त्यावर दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"मॅडम," हवालदार म्हणाले, "पंचनामा मी लिहितो. तुम्ही पाय धुऊन घ्या." मग म्हणाले, "आत मी येऊ?"

"नको. मी जाते. तुम्ही गाडी दारात आणून ठेवा."

*

संध्याकाळचा स्वयंपाक उरकत आला होता. पोरं यायला अजून अवकाश होता. सुशीलाबाई भाकऱ्यांची चवड फडक्यात गुंडाळत होत्या. अपेक्षाच्या पँटच्या काठांना चिखल होता. त्यांनी तो पाहिला, आणि फडक्याची गाठ मारायला जरा जास्तच वेळ घेतला.

"बस," त्या म्हणाल्या.

अपेक्षा उभीच राहिली. "मावशी, सुतक कुणाचं होतं?"

शेगडीचा आवाज तेवढा येत राहिला. सुशीलाबाईंनी हात वाढवून ती बंद केली.

"कुणी सांगितलं तुला?"

"आज कळलं. आमच्यात नाही ते."

"ठावं हाय मला. म्हणून तर तुझं नाव फुडं केलं." त्यांनी पदराने हात पुसले. "पोरांच्यात एखाद्याच्या ध्यानात आलं असतं. तुझ्या पोटाचं म्हणलं की इषय मिटला."

रस्त्यावरून ट्रक गेला आणि पत्रे थरथरले.

"दुपारची येळ हुती," सुशीलाबाई म्हणाल्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या. "पोरं गेल्याली. बाहीर कुणीतरी हुभं दिसलं. मान वर करून पाटी वाचत हुतं. मला वळखाया येळ लागला न्हाई. म्हणलं, आलं. सापडलं घर." त्या थांबल्या. "पाट मांडला. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. म्हणले, हाताची चव हाय तशीच हाय. मला वाटलं, आता ऱ्हात्यात."

"मग?"

"मग म्हणले, जागा माझ्या नावावर हाय. बिल्डरचा माणूस भेटलाय, हितं सात मजली हुयाची हाय. तुला कुठंतरी एक खोली बघून दीन म्हणले. तिकडं पोरं हायेत त्यांची. थोरला विंजेनेर हुतोय." त्यांचा आवाज कुठेच चढला नाही. "मी तवा घासाया कालव्यावर निघाले हुते. हात धुवाया तेबी मागं आलं. पायरीवर बसलं पाठमोरं. पाण्यात हात घालून सांगत हुतं, खालच्या मजल्यावर दुकानं काढायची, वर पोरांसाठी खोल्या. माझी शेगडी कुठं जाणार ते ईचारलं न्हाई. मला ईचारलंच न्हाई कशी हाईस म्हणून. एवढ्या वरसांत एकदा तरी ईचारायचं."

पुढचं अपेक्षाने विचारलं नाही.

"आणि बूट?"

"उंबऱ्यात ऱ्हायलं हुतं त्यांचं. मागनं नेऊन ठिवलं काठावर. अनवाणी चालायची सवय न्हवती त्यास्नी कधी. पाय लई नाजूक." त्यांनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. "रडता येईना. कुकू पुसता येईना. बांगड्या फोडाव्या तर गाव ईचारील. समदं गेलं, आन् मला बाई म्हणून जे करायचं असतं त्यातलं कायबी करता येईना. तेवढी फोडणी माझ्या हातात हुती. ती सोडली. चाळीस पोरांनी त्यांचं सुतक पाळलं बघ. त्यांच्या सोताच्या लेकरांनी न्हाई पाळलं."

अपेक्षाच्या मनात विचारायचे प्रश्न ठरलेले होते. ती ते कालव्याच्या पायऱ्या चढताना घोकून आली होती. त्यातला एकही तिच्या तोंडून निघाला नाही.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते," ती म्हणाली. आवाज लहान मुलीचा निघाला आणि तिला स्वतःचाच राग आला. "एकही दिवस नव्हतं."

सुशीलाबाईंनी आता तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना सहज शक्य होतं.

"पयल्या दिवशी न्हवतं," त्या म्हणाल्या. "हात धुताना तू आईचं नाव काढलंस. त्यापरास माझ्या मुस्काटात मारली असतीस तर बरं झालं असतं."

बाहेर जीप येऊन थांबल्याचा आवाज आला. दोघींनी तो ऐकला.

"मावशी, उद्या तो पोरगा येरवड्याला जाणार आहे. बुटांवाला. त्याची आई गावाकडं आहे, तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"मला वाटलं, काय केलं न्हाई त्यानं, म्हणल्यावर सोडत्याल."

"सोडत नाहीत," अपेक्षा म्हणाली.

सुशीलाबाईंनी मान हलवली. जणू भाजीत मीठ किती घालायचं ते कुणी सांगितलं आणि त्यांना पटलं. "पोरं येत्याल आता. जेवू दे त्यास्नी. मग जाऊ." आणि मोरीकडे जाता जाता म्हणाल्या, "तोंड धुऊन येते."

पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बांगड्यांचाही, एकेक काढून फळीवर ठेवल्याचा.

पोरं आली ती नेहमीसारखी गोंगाट करत, मोबाइलवर बोलत. "काकू, आज काय स्पेशल?" असं ओरडत प्रज्ञेश बाकड्यावर बसला आणि मग त्याने वर पाहिलं. सुशीलाबाई भाकरी वाढत होत्या. कपाळ मोकळं होतं, कुंकवाच्या जागी कातडी तेवढी गोरी राहिली होती. हात उघडे होते. तो काहीतरी विचारणार होता, पण शेजारच्याने त्याच्या मांडीवर हात ठेवला. सगळी पंगत आवाज न करता जेवली. फोडणी होती, कांदा होता, कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. एकेक जण उठला, आपलं ताट आपण उचलून मोरीशी ठेवून गेला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. प्रज्ञेश दारात थांबला, आतल्या दोघींकडे पाहिलं, दारातल्या जीपकडे पाहिलं. "काकू, येतो," म्हणाला आणि गेला.

अपेक्षा तिच्या नेहमीच्या जागी, शेगडीजवळच्या टोकाला बसली होती. उठायला हवं होतं. कागद व्हायचे होते, साहेबांना फोन करायचा होता, शंभूला सांगायचं होतं. ती उठत नव्हती.

सुशीलाबाईंनी रिकामी पातेली एकात एक घातली. ओटा पुसला. सिलिंडरचं बटण बंद केलं, ओढून बघितलं. मग पाण्याच्या पिंपामागे हात घालून त्यांनी एक वाटी काढली. तिच्यावर ताटली झाकलेली होती, आणि ताटलीवर थेंब जमून वाळून गेले होते. वाटी तिथे पोरं यायच्या, अपेक्षा यायच्याही कितीतरी आधीपासून असणार. त्यांनी ताटात मऊ भात घेतला, वाटी त्याच्या बाजूला ठेवली आणि ताट अपेक्षाच्या पुढ्यात सरकवलं.

वाटीत पिवळं वरण होतं. त्यावर मोहरी नव्हती, तेल नव्हतं.

"फोडणी घालायच्या आदी काढून ठिवलं हुतं," सुशीलाबाई म्हणाल्या. "काल पोट धरून बसली हुतीस. बरी न्हाईस तू अजून."

त्या समोरच्या बाकड्यावर टेकल्या आणि वाट बघत बसल्या. वरण थोडं कोमट होतं. अपेक्षाने टोपी काढून बाजूला ठेवली आणि भात कालवायला घेतला.